विचारपूस : आजोबांच्या कागदावरचा ‘फर्राश’

प्रश्न : ताई, नमस्कार. आजोबांच्या जुन्या ट्रंकेत एक उर्दू कागद सापडला. आमच्यात कुणालाच उर्दू येत नाही, म्हणून दोघांकडून वाचून घेतला. एकानं सांगितलं, हा १३४२ फसलीचा नेमणुकीचा कागद आहे, तहसील कचेरी, हुद्दा ‘फर्राश’, पगार ९ रुपये हाली. दुसऱ्यानं तोच शब्द ‘फिराश’ वाचला आणि अर्थ सांगितला ‘अंथरूण’. भाषांतर टाईप करून देणाऱ्यानं तर सरळ ‘पोछा मारणारा’ असं लिहून दिलं. तेव्हापासून घरात वाद पेटलाय. चुलते म्हणतात, आमचे वडील सरकारी नोकर होते, ते पोछा कशाला मारतील? चुलतभाऊ नुसता हसतो. खरं काय ते तुम्हीच सांगा. (एक वाचक, सेलू)

उत्तर : कागदाचा फोटो सोबत जोडलात हे फार बरं केलंत. नुसता शब्द विचारला असता तर मी कोशातला अर्थ उतरवून मोकळी झाले असते. फोटो आला, भिंग घेऊन बसले आणि दुपारचा चहा गार झाला.

शब्द ‘फर्राश’च आहे. पण ‘फिराश’ वाचणाऱ्याला वेड्यात काढू नका. उर्दू लिहिणारा ऱ्हस्व स्वर लिहीत नाही. ‘र’ दोनदा उच्चारायचा असेल तर त्याच्या डोक्यावर तश्दीदची बारीक खूण द्यायची असते, तीही कचेरीतला कारकून घाईत गाळतो. मग कागदावर उरतात चारच अक्षरं : फे, रे, अलिफ, शीन. या चार अक्षरांत अरबीतले तीन शब्द दाटीवाटीनं बसलेत. ‘फिराश’ वाचलं तर अंथरूण, ‘फराश’ वाचलं तर दिव्यावर झडप घालणारे पतंग, आणि ‘फर्राश’ वाचलं तर तुमचे आजोबा. त्यातला कुठला घ्यायचा ते पुढचा मजकूर ठरवतो. अंथरुणाला महिना ९ रुपये कोणी देत नाही.

वर्षाचं आधी उरकते. आपल्याकडच्या, म्हणजे निजामी राज्यातल्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो. ते वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं. म्हणजे तुमचा कागद ऑक्टोबर १९३२ ते ऑक्टोबर १९३३ यांच्या मधला. हाली म्हणजे हैदराबादचा स्वतःचा रुपया. ७ हाली दिले की इंग्रजांचे ६ कलदार यायचे. त्या हिशेबानं आजोबांचा पगार पावणेआठ कलदारांच्या आसपास.

आता शब्दाकडे येते. माझे वडील मोमिनाबादच्या कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून, होते. मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, निजामाच्या दप्तरात ते त्या नावानं होतं. वडिलांचं शिक्षण उर्दूतून झालेलं, त्यामुळे ज्ञानेश्वरी वाचतानासुद्धा समासात टिपा काढायच्या त्या उर्दूत. मला त्यांनी जुन्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर उर्दू शिकवलं, आणि शिकवताना एक गुरुकिल्ली दिली. अरबी शब्दाची मुळं बहुतेक तीन अक्षरांची असतात. त्यातलं मधलं अक्षर दुप्पट करायचं, पुढे ‘आ’ लावायचा, की ते काम सदान्कदा करणारा माणूस तयार होतो. हम्ल म्हणजे वाहून नेणं, त्याचा झाला हम्माल. सर्फ म्हणजे नाण्यांची मोड करणं, त्याचा सर्राफ. दलालत म्हणजे वाट दाखवणं, त्याचा दल्लाल. बज्ज म्हणजे कापड, ते विकणारा बज्जाज. आणि फर्श म्हणजे अंथरणं, त्याचा फर्राश.

मराठीला या दुपटीचा धीर नाही. आपण हमाल, सराफ, दलाल, बजाज करून टाकलं, तसंच फर्राशचं ‘फरास’ केलं. फरास हे आडनाव महाराष्ट्रात आजही आहे. पुणेकरांना फरासखाना म्हटलं की पोलीस ठाणं आठवतं. पण ते नाव पोलिसांचं नव्हे. तंबू, राहुट्या, कनाती, सतरंज्या ठेवायचं सरकारी कोठार म्हणजे फरासखाना. शिवाजी महाराजांच्या अठरा कारखान्यांची जी यादी सांगतात, तिच्यात जवाहिरखाना, पीलखाना यांच्या पंगतीला फरासखानाही आहे.

तेव्हा तुमच्या चुलत्यांना सांगा, फर्राश हा मुळात अंथरणारा, पुसणारा नव्हे. अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत फर्राशखान्यावर स्वतंत्र प्रकरणच आहे. बादशहाचा एक तळ पडायचा म्हणजे किती माणूस लागे त्याचा हिशेब त्यानं दिलाय : इराण, तुराण आणि हिंदुस्थानातले मिळून १,००० फर्राश, ५०० बेलदार, १०० पाणके आणि पुढे १५० झाडूवाले. झाडूवाले वेगळे मोजलेत, हे ध्यानात घ्या. त्या काळी केर काढणारा आणि फर्राश हे दोन निराळे मजूर होते. इराणात कजार बादशहांच्या अमदानीत तर फर्राश हातात काठ्या घेऊन स्वारीपुढची वाट मोकळी करायचे, गुन्हेगाराच्या तळपायावर फटकेही तेच मारायचे. त्यांच्या म्होरक्याला, फर्राशबाशीला, लोक टरकून असत. म्हणून चुलतभावाला म्हणावं, हसायचं असेल तर जपून हस.

पण लगेच चुलत्यांची बाजू लागली असंही समजू नका. १५९० चा फर्राश आणि १९३२ चा तहसील कचेरीतला फर्राश यांच्यात साडेतीनशे वर्षांचं अंतर आहे. तेवढ्यात अंथरणाऱ्याच्या हातात फडकं कसं आलं, ते मला वडिलांच्या आठवणींतून जास्त नीट कळलं.

त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीला कचेरीत खुर्च्या मोजक्या, त्या साहेबांपुरत्या. बाकीचे गादीवर बसून, गुडघ्यावर फळी घेऊन लिहायचे. खाली जाजम, तिच्यावर सतरंजी, सतरंजीवर पांढरी चादर, तिला चांदणी म्हणायचे. ही सगळी थप्पी रोज संध्याकाळी उचलायची आणि सकाळी घालायची हे फर्राशाचं काम. जाजम घालणं सोपं नसतं हो! आधी जमीन झाडायची, पाणी शिंपडून धूळ बसवायची, ओल पूर्ण सुकू द्यायची. ओलीवर जाजम घातली तर तिला आठ दिवसांत कुबट वास येतो आणि पावसाळा निघेपर्यंत ती कुजते. सुकली का हे बघायला आमच्या कचेरीतला फर्राश तळहात नव्हे, हाताची पालथी बाजू जमिनीला लावायचा. वडील ते नेहमी करून दाखवायचे. मग दोघांनी दोन टोकं धरून जाजम एका झटक्यात सोडायची, म्हणजे मध्ये हवा धरून ती सपाट पडते, सुरकुती राहत नाही. चार कोपऱ्यांवर वजनं. दरबारी बैठकीत ही वजनं कोरीव दगडाची किंवा बिदरी कामाची असत, आणि त्यांचं नाव काय माहितीय? मीर-ए-फर्श, म्हणजे अंथरुणाचे सरदार. अंथरणारा माणूस ९ रुपयांचा नोकर आणि कोपऱ्यातला दगड सरदार! बिदर पलीकडे उदगीरला लागून. तिथली काळ्यावर चांदीची नक्षी असलेली वजनं आज संग्रहालयांत काचेआड बसलीत.

म्हणजे बघा, अंथरायच्या आधी झाडणं, शिंपणं, पुसणं हे या कामाच्या पोटातच होतं. कंदिलाच्या काचा राखेनं घासणं, सुरया भरून ठेवणं हेही त्यातच. दौऱ्यावर अव्वल तालुकदार, म्हणजे आजचा कलेक्टर, आला की तंबू ठोकायला पहिला फर्राश पळायचा. पुढे कचेऱ्यांत टेबलं आली, सगळ्यांना खुर्च्या आल्या, शेणाच्या जमिनी जाऊन शहाबादी दगड आला. जाजम गेली ती लग्नाच्या मांडवात. फर्राशाची जागा मात्र कागदावर होती तशीच राहिली, आणि अंथरायला काही नाही म्हटल्यावर हातात उरली झाडू, बादली, फडकं. हुद्दा तोच, काम निम्मंच, आणि उरलेलं निम्मं म्हणजे नेमकं लोकांना कमी वाटणारं. तुमच्या भाषांतरकारानं ही शेवटची पायरी तेवढी पाहिली आणि १९३२ च्या कागदाला चिकटवली. मी असते तर ‘कचेरीतील बिछायत व झाडलोट पाहणारा नोकर’ असं लिहिलं असतं. जरा लांबण लागते, पण खोटं होत नाही.

हा हुद्दा निजामाबरोबर गेला असंही नाही. केंद्र सरकारच्या ‘ड’ गटात शिपाई, दफ्तरी, जमादार, चौकीदार यांच्या जोडीला फर्राश हे पद अगदी अलीकडेपर्यंत होतं. सहाव्या वेतन आयोगानंतर तो गटच मोडला आणि या सगळ्यांना मिळून ‘मल्टी टास्किंग स्टाफ’ असं एक सपक नाव मिळालं. आखातात मात्र शब्द जिता आहे. आमच्या गल्लीतला एक मुलगा कुवेतला आठ वर्षं होता. तिथं ऑफिसात चहा आणून देणाऱ्याला, फायली हलवणाऱ्याला फर्राश म्हणतात असं तो सांगतो. म्हणजे आपल्याकडे या शब्दाला फडकं मिळालं, तिकडे किटली.

आणि हो, तुमच्या पायाखालची ‘फरशी’ याच घरातली. फर्श म्हणजे जे अंथरलंय ते, मग जमीन, मग जमिनीवर बसवलेला दगड. वाकून हात पार जमिनीला टेकवत करतात तो फरशी सलामही तिथलाच. कुऱ्हाडीच्या फरशीला मात्र यात ओढू नका. ती परशूची लेक, परशुरामाच्या हातातली.

पोछा मारला असेल की नाही, हा प्रश्न राहिलाच. मारला असेल. पाणी शिंपून, ओल टिपून, वर जाजम घालून, रोज. त्यात चुलत्यांनी एवढं अंग चोरण्यासारखं काय आहे ते मला उमगलं नाही. माझ्या आईनं साठ वर्षं घर सारवलं, तिच्या नेमणुकीचा कागद कोणत्या ट्रंकेत शोधू? तुमच्या आजोबांचा निदान शिक्क्यासहित आहे. तो प्लास्टिकमध्ये घालून ठेवू नका, आतून घाम धरतो. सुती कापडात गुंडाळा आणि घडी पडते तिथं ताण येऊ देऊ नका.

प्रश्न : माझ्या सासूबाई फरशी पुसायच्या फडक्याला ‘पोतेरं’ म्हणतात. लेकरं हसतात, म्हणतात आजी मॉपला काहीपण म्हणते. गोणपाटाच्या पोत्याचं करायचे म्हणून पोतेरं, असं मी त्यांना सांगून टाकलं. बरोबर आहे ना? (एक वाचक, पैठण)

उत्तर : लेकरांना सांगायची घाई झाली. पोत्याकडे जाऊ नका, तुमच्या गावच्या पैठणीकडे बघा.

प्राकृतात ‘पोत्त’ म्हणजे कापड, सुती कापड. त्याचा गोतावळा सगळ्या उत्तर हिंदुस्थानात पसरलाय. गुजरातीत ‘पोतियुं’ म्हणजे नेसायचं धोतर आणि ‘पोतुं’ म्हणजे फडकं. गुजराती घरात आजही ओल्या फडक्यानं जमीन पुसायची तर ‘पोतुं’च करतात. सिंधीत ‘पोती’ म्हणजे अंगावर घ्यायची ओढणी. मराठीनं यातून तीन लेकरं वाढवली आणि तिघांची नशिबं तीन तऱ्हेची निघाली. पहिला ‘पोत’, कापडाची वीण. पैठणी घ्यायला आलेली बाई पदर दोन बोटांत धरून चोळते आणि पोत कसा आहे बघते, तो. दुसरा पोत देवीचा : चिंध्यांचा घट्ट पीळ तेलात बुडवून पाजळतात, तो. तिसरं आपलं पोतेरं. टर्नर नावाच्या इंग्रज पंडितानं भारतीय भाषांचा जो थोरला तौलनिक कोश केला, त्यात एकाच नोंदीखाली वीण, कापडाची गुंडाळी आणि शेणानं सारवायचं फडकं हे तिन्ही मराठी अर्थ शेजारी शेजारी दिलेत. सासूबाईंना हे जरूर वाचून दाखवा.

पोतराज यातला नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या पत्रात तो येणारच. त्याचं मूळ तेलुगूतल्या ‘पोतुराजु’त आहे. तो देवीचा भाऊ.

आता फडक्याबद्दल. तुमच्या सासूबाई ज्याला पोतेरं म्हणतात ते आणि बाजारातलं मॉप यात फरक आहे, आणि तो मी हातानं शिकले. लग्न होऊन आले तेव्हा सासरचं घर माळवदाचं. ढाळजेत आणि माजघरात शेणाची जमीन, स्वयंपाकघरात तेवढी शहाबादी. पोतेरं करायचं ते नव्या कापडाचं कधीच नाही. नव्या कापडाला खळ असते, ते पाणी पीत नाही. जुनं नऊवारी लुगडं, तेही धुऊन धुऊन मऊ पडलेलं. लुगड्याचा आयुष्यक्रम ठरलेला असे : आधी नेसायला, मग विरलं की गोधडीत, गोधडीत घेण्यासारखं नसेल तर लेकराच्या दुपट्याला, आणि अगदी शेवटी पोतेरं. सासूबाई काठ आधी उसवून घ्यायच्या. काठाचा दोरा जमिनीवर ओरखडे काढतो आणि सारवणात रेघ उमटते. शेणाचा काला पातळ हवा, ताकासारखा. हात भिंतीकडून दाराकडे अर्धगोल फिरवायचा, मागं सरकत सरकत. उलटं केलं तर स्वतःच कोपऱ्यात अडकता. मी पहिल्या दिवशी अडकले होते, आणि ढाळजेतून जावेनं जे हसू फोडलं ते अजून ऐकू येतं.

चुलीचं फडकं वेगळं. त्याला आमच्याकडे पोतारा. पांढरी माती भिजवून चुलीला, भिंतीच्या खालच्या पट्ट्याला हात द्यायचा म्हणजे पोतारायचं. महालक्ष्म्यांच्या आधी घर पोतारलं नाही असं व्हायचंच नाही. सारवायचं पोतेरं चुकून चुलीला लागलं तर सासूबाई चूल पुन्हा पोतारायला लावायच्या, मग वेळ कितीही होवो.

भाषेत मात्र पोतेऱ्याच्या वाट्याला वाईटच आलं. एखाद्याचं पार पोतेरं केलं म्हणजे हवं तसं वापरून टाकून दिलं. पोताचं कौतुक, पोतेऱ्याची शिवी. लेकरं मॉप म्हणोत, त्याला माझी हरकत नाही. त्यांना एकदा विरलेल्या सुती कापडानं आणि एकदा त्या काठीच्या मॉपनं शहाबादी पुसायला लावा. खडबडीत दगडाच्या खाचेतलं पाणी कोण उचलतं ते त्यांनाच दिसेल.

प्रश्न : आमच्या पुस्तकातल्या अभंगात ‘पुसे’ म्हणजे ‘विचारतो’ असा अर्थ दिला आहे. पण पुसणे म्हणजे फडक्याने पुसणे ना? एकाच शब्दाचे दोन अर्थ कसे झाले? (इयत्ता नववी, उदगीर)

उत्तर : बाळा, शब्द एक नाही, दोन आहेत. चेहरा तेवढा सारखा झालाय. संस्कृतात ‘पृच्छति’ म्हणजे विचारतो, आणि ‘प्रोञ्छति’ म्हणजे पुसून काढतो. दोन्ही प्राकृतातून झिजत झिजत आले आणि मराठीत पोचेपर्यंत दोघांचंही ‘पुसणे’ झालं. हिंदीत ते निराळे राहिले : पूछना आणि पोंछना. ‘पोछा’ त्या दुसऱ्यातून आला. म्हणजे पोछा आणि आपलं पुसणं सख्खे भाऊ, पोतेरं मात्र दुसऱ्या कुळातलं.

पुण्या-मुंबईकडे आता विचारणे हाच शब्द चालतो, जुना ‘पुसणे’ कवितेत आणि ‘विचारपूस’सारख्या जोडशब्दात उरलाय. आपल्याकडे तो म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून रोजचा आहे. आमच्या शेजारच्या आजी परवा पाहुणे आल्यावर माझ्या नातवाला म्हणाल्या, “जा, पाहुण्याला पुसून ये, चहा घेणार का.” नातू पुण्यात वाढलेला. आत गेला आणि ओट्यावरचं फडकं घेऊन बाहेर आला.